काटा हलत नाही
आज सकाळी पुन्हा वजनकाट्यावर उभी राहिले. ७८.४. तीन आठवडे तोच आकडा. रोज पाऊण तास चालणं, मोजून खाणं, गोड बंद... डोळ्यांत पाणीच आलं. सुरुवातीला भराभर उतरलं होतं, पण त्यात बरंचसं पाणीच असतं. शरीरातल्या १ ग्रॅम ग्लायकोजेनसोबत, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेसोबत, साधारण ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं, ते आधी जातं. शिवाय वजन घटलं की शरीराला ऊर्जाही कमी लागते. सगळं कळतं हो, तरी वाईट वाटायचं ते वाटतंच. आणि "जरा मनावर घे" म्हणणाऱ्यांचा खरंच राग येतो. अजून किती घ्यायचं मनावर?

संध्याकाळी जुनी जीन्स काढली. बटण श्वास न रोखता लागलं. तशीच बराच वेळ आरशासमोर उभी होते. थायरॉइडची तपासणी तेवढी उद्या करून घेते.