चॅसिस नंबर मिळेपर्यंत फुल पेमेंट करू नका : माझा अनुभव

गाडी येऊन आता बरेच महिने झाले. गाडी उत्तम आहे, तिच्याबद्दल काहीच तक्रार नाही. राग आहे तो "सर, तुमची गाडी अलॉट झालीय" या वाक्याचा. तो अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

बायकोच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सांगलीच्या ट्रॅफिकमध्ये सारखा क्लच दाबणं तिला झेपत नाही, त्यामुळे पेट्रोल ऑटोमॅटिकच हवी होती. तीही मधल्या व्हेरियंटमध्ये, कारण सनरूफसाठी जास्तीचे पैसे मोजायची आमची इच्छा नव्हती. असं कॉम्बिनेशन शोरूममध्ये तयार उभं नसतं. डीलर कंपनीकडे ऑर्डर टाकतो आणि आपण वाट बघायची. टेस्ट ड्राइव्ह, कोटेशन, लोन सँक्शन हे सगळं पटापट झालं.

दिवाळीपर्यंत देतो म्हणाले होते. दिवाळी गेली, आणि मग फोन यायचे ते "मॅन्युअल स्टॉकमध्ये आहे, उद्याच डिलिव्हरी देतो" असे. गुडघ्याचं कारण पहिल्या दिवशीच सांगितलेलं असताना दर वेळी तेच.

डिसेंबरात सूर बदलला. "सर, गाडी अलॉट झालीय. जानेवारीत किंमत वाढणार. आत्ता फुल पेमेंट करा, जुन्या रेटला बसवतो." बऱ्याच कंपन्या जानेवारीत भाव वाढवतात, तेवढं खरं. पण आमच्या बुकिंग फॉर्मवर बारीक अक्षरात छापलेलं होतं की डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील. म्हणजे जुना रेट ही नुसती तोंडी हमी. मी एवढंच म्हटलं, चॅसिस नंबर (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पाठवा, लगेच पेमेंट करतो.

तो नंबर काही येईना. आज सिस्टीम डाउन, उद्या गाडी ट्रान्झिटमध्ये, परवा मॅनेजर रजेवर. शेवटी तर "नंबर पेमेंट झाल्यावरच जनरेट होतो" असंही ऐकवलं. हे धादांत खोटं आहे. चॅसिस नंबर 17 अक्षरांचा असतो, तो कारखान्यातच गाडीवर कोरला जातो आणि कंपनी डीलरला जे बिल देते त्यावरही असतो. गाडी खरंच तुमच्या नावाला लागली असेल तर नंबर द्यायला दोन मिनिटं पुरतात.

मी अडून बसलो त्याला कारणं होती. बँकेने डीओ (डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे गाडी देण्याबद्दलचं बँकेचं डीलरला पत्र) काढला आणि डीलरच्या खात्यात पैसे टाकले की व्याजाचं मीटर सुरू. गाडी दारात असो नसो, हप्ता भरायचाच. दुसरं, आरसी बुकावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, आणि विकताना गिऱ्हाईक तेच आधी बघतं. नंबर न बघता जानेवारीत गाडी घ्यायची आणि ती गेल्या वर्षीची निघायची, हे मला नको होतं. तिसरं म्हणजे इन्शुरन्स. बाहेरून पॉलिसी घ्यायची तर इंजिन आणि चॅसिस नंबर लागतोच. तो शेवटच्या दिवशी मिळाला की घाईघाईत डीलरकडचीच पॉलिसी घ्यावी लागते.

एका रविवारी आम्ही दोघं थेट त्यांच्या स्टॉकयार्डवर गेलो. आमच्याच व्हेरियंटची, आमच्याच रंगाची गाडी तिथे धुळीत उभी होती. पुढच्या काचेला आतून कागद चिकटवलेला, त्यावर मार्करने दुसऱ्याच कुणाचं आडनाव आणि खाली "फुल पेमेंट". सेल्समन म्हणाला, ही दुसऱ्यांची, तुमची पुढच्या लॉटमध्ये. बायकोने विचारलं, "मग अलॉट झालेली कुठली?" त्याने मॅनेजरला फोन लावला आणि बोलत बोलत गेटपर्यंत निघून गेला.

सोमवारी मी कंपनीच्या कस्टमर केअरला बुकिंग नंबर देऊन विचारलं. उत्तर आलं की या बुकिंगला अजून कुठलीही गाडी जोडलेली नाही. तेच उत्तर ईमेलवर मागून घेतलं, डीलरच्या मॅनेजरला पाठवलं, बँकेच्या माणसाला कॉपीत ठेवलं आणि त्याला कळवलं की माझ्या लेखी होकाराशिवाय डीओ सोडायचा नाही. तुमचंही काही अडलं असेल तर फोनवर भांडत बसू नका, ईमेल करा. त्यानंतर मला मॅनेजर स्वतः फोन करू लागले.

जानेवारी संपता संपता व्हॉट्सअ‍ॅपवर चॅसिस नंबरच्या प्लेटचा फोटो आला. गाडी त्याच महिन्यात बनलेली होती. किंमत थोडी वाढली होती, ती मी आनंदाने भरली. पैसे भरायच्या आधी दिवसाउजेडी गाडी बघून घेतली, फोटोतला नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. ही तपासणी रजिस्ट्रेशनच्या आधीच करा. एकदा तुमच्या नावाने टॅक्स भरला गेला की ओरखडा दिसला तरी गाडी नाकारणं फार अवघड होतं.

इन्शुरन्स आम्ही बाहेरून घेतला आणि तो डीलरच्या कोटेशनपेक्षा बराच स्वस्त पडला. नव्या कारला थर्ड पार्टी 3 वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो, पण कंपनी कुठली ते आपण ठरवायचं. डीलर सक्ती करू शकत नाही. कोटेशनमधले "हँडलिंग चार्जेस" कशाचे ते लेखी विचारलं, पुढच्या कोटेशनमधून ती ओळच गेली.

आणि हो, गाडी 10 लाखांच्या वरची असेल तर बिलात 1 टक्का टीसीएस (विकणाऱ्याने आपल्याकडून गोळा करून सरकारला भरायचा आयकर) लागतो. तो रिटर्न भरताना परत मिळवता येतो, फक्त डीलरकडे पॅन नंबर बरोबर नोंदवलाय का ते बिल हातात घेतानाच बघा. आमच्या बिलात एक अक्षर चुकलं होतं, तिथेच उभं राहून दुरुस्त करून घेतलं.