पिवळ्या पिशवीतला शर्ट

शवागारातल्या मामांचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. "सर, बॉडी आलीय. एन्काउंटरची आहे म्हणतात."

मी न्यायवैद्यकशास्त्राचा डॉक्टर. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात तेव्हा माझं अकरावं वर्ष चालू होतं. विष, गळफास, विहीर, हायवे हे रोजचं. गोळी लागलेलं प्रेत वर्षाकाठी एखादं यायचं. पोलिसांच्या गोळीने मेलेलं मात्र माझ्या टेबलावर हे पहिलंच.

नाव कळल्यावर मी चहाचा कप खाली ठेवला. तीन आठवड्यांपूर्वी एका वृद्ध जोडप्याचा घरात घुसून खून झाला होता, त्यातला हा फरार संशयित. त्या दोघांचं पीएम, म्हणजे शवविच्छेदन, मीच केलं होतं, याच टेबलावर. वार अडवताना आजींच्या हातांवर झालेल्या जखमा मोजता मोजता माझा जेआर, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, बाहेर जाऊन उभा राहिला होता. म्हणून आधीच सांगून टाकतो, त्या सकाळी मला या माणसाबद्दल कणव वगैरे काही वाटत नव्हती.

पोचलो तर गेटवर फटाक्यांचा कागद पडलेला. कुणीतरी माळ लावून गेलं होतं. एका बाजूला पोलिसांचा जयजयकार चाललेला, दुसऱ्या बाजूला मेलेल्याच्या वस्तीतली पन्नासेक माणसं गप्प बसलेली. मधेच एक बाई उठून ओरडायची, "खून केला, खून केला," आणि परत बसायची. साल २०२१. हैदराबादमध्ये बलात्कार आणि खुनाच्या चौघा आरोपींना पोलिसांनी चकमकीत मारलं होतं त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि त्या पोलिसांवर लोकांनी उधळलेल्या गुलाबपाकळ्यांचे व्हिडिओ अजून फिरत होते. माझ्या मेव्हण्याचा मेसेज आलेला: 'लवकर उरका, उगाच कीस काढू नका.'

आपल्याकडे याला चकमक म्हणतात. शब्दच असा आहे की दोन्हीकडून ठिणगी उडाली हे आधीच मान्य केल्यासारखं होतं.

पोलिसांची हकीकत थोडक्यात अशी. पहाटे चार वाजता शेतातल्या खोलीवर छापा घातला. हा कोयता घेऊन फौजदाराच्या अंगावर आला, झटापट झाली, फौजदाराने स्वतःला वाचवण्यासाठी अगदी जवळून दोन गोळ्या झाडल्या. फौजदाराच्या दंडावर जखम होती, सात टाके पडले होते. ती मी नंतर पाहिली. खरी होती.

अशा मृत्यूत काय करायचं याची यादी सुप्रीम कोर्टाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी घालून दिली आहे, सोळा मुद्द्यांची. ती निघाली आपल्याच राज्यातल्या प्रकरणातून. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यात मेलेली सुमारे १३५ माणसं. एफआयआर नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करायचा, हत्यारं जमा करायची, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची, घाईघाईने कुणाला शौर्यपदक किंवा बढती द्यायची नाही. माझ्या वाट्याचं त्यात दीड ओळ आहे: शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करावं, त्यातला एक शक्यतो रुग्णालयाचा प्रमुख असावा, आणि सगळ्याचं चित्रीकरण व्हावं. ते कोणी करावं ते लिहिलेलं नाही. आमच्याकडे पोलिसांनी लग्नाचं शूटिंग करणारा एक पोरगा आणला होता. दहा मिनिटांत तो पांढराफटक पडला. मामांनी त्याला स्टूल दिलं आणि कॅमेरा स्टँडवर लावून घेतला.

तहसीलदारांनी मरणोत्तर पंचनामा उरकला. आम्ही आधी एक्स-रे काढले, मग प्रेत टेबलावर घेतलं. कंबरेच्या वर उघडं. हातांना कुणीतरी प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. कागदी हव्यात, प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि हातावरचे गोळीबाराचे कण त्यात जातात. तरी स्वॅब घेतले.

जखमा दोन. क्रमांक एक: छातीवर डावीकडे, गळपट्टीच्या हाडाखाली तीन बोटं. क्रमांक दोन: पाठीवर उजवीकडे, खवाट्याच्या खाली. दोन्ही प्रवेशाच्या, गोल, कडेला खरचटल्याची बारीक किनार. एक आणि दोन हा माझ्या कागदावरचा क्रम, गोळ्यांचा नव्हे. कुठली आधी लागली ते शरीरावरून क्वचितच कळतं, आणि इथे कळत नव्हतं.

आता मुद्दा अंतराचा. पिस्तुलातून फक्त गोळी बाहेर पडत नाही. तिच्यामागे धूर, काजळी आणि न जळलेल्या दारूचे कण येतात. नळी टेकलेली असेल तर कातडी भाजते. वीतभर अंतरावर असेल तर काजळी बसते. त्याहून लांब गेलं की काजळी पोचत नाही, पण दारूचे कण कातडीत रुततात, गोंदल्यासारखे ठिपके दिसतात. दोनेक फुटांपलीकडे तेही सहसा दिसत नाहीत. याच्या दोन्ही जखमा स्वच्छ होत्या. ना काजळी, ना ठिपका.

पोलीस सांगतात झटापट, आणि कातडी सांगते लांबून. माझे सहकारी डॉक्टर मास्कआडून हळूच म्हणाले, "फेक आहे रे." मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी जरा अंगात आल्यासारखं झालं. आपल्या हाती मोठं काहीतरी लागलंय अशी हवा डोक्यात शिरते.

मग मामांनी विचारलं, "सर, कपडे कुठे सील करायचे?"

"आहेत कुठे?"

"पँट आहे फक्त."

माणूस पहाटेच्या थंडीत उघड्या अंगाने झोपलेला नव्हता. पंचनाम्यात 'अंगात शर्ट नाही' एवढंच होतं. शर्ट कुठे गेला, हे ना लिहिणाऱ्याला सुचलं, ना मला. कातडीवर काजळी नाही याचे दोन अर्थ होतात: ती पोचलीच नाही, किंवा मधे कापड होतं आणि त्याने ती अडवली. शर्ट न बघता अंतराबद्दल मत देणं म्हणजे पाकीट बघून पत्र वाचल्याचं सांगणं. आणि मी ते मनातल्या मनात देऊन बसलो होतो.

पीएम तिथेच थांबवलं. बाहेर पोलीस निरीक्षक उभे होते. म्हणाले, "डॉक्टर, प्रोव्हिजनल रिपोर्ट तरी द्या. वर फोनवर फोन येतायत." मी म्हटलं, "मृत्यूचं कारण देतो. अंतराचं मत राखून ठेवतोय." त्यांना ते आवडलं नाही. मी आणखी काही बोललो नाही, सरळ अपघात विभागाकडे चालत सुटलो.

रात्रपाळीच्या सिस्टर निघायच्या बेतात होत्या. "हो, आणलं तेव्हा शर्ट होता. आम्हीच कापून काढला. ईसीजी घ्यायचा होता ना. रक्ताने भिजलेला, पिवळ्या पिशवीत टाकला." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. समोर आणलेला माणूस जिवंत आहे की नाही हे बघणं त्यांचं काम. रक्ताळलेलं कापड पिवळ्या पिशवीत जातं, पिशवी मागच्या शेडमध्ये, आणि कचऱ्याची गाडी येते अकराला. घड्याळात साडेदहा वाजून गेले होते.

शेडमध्ये सोळा पिशव्या होत्या. सहकारी डॉक्टर, मी, तहसीलदारांचा एक कारकून आणि स्टँडवरून कॅमेरा उचलून आणलेला तो पोरगा. आता त्याचा रंग परत आला होता. एकेक पिशवी उघडत गेलो. काय काय निघालं ते लिहीत नाही. नवव्या पिशवीत शर्ट मिळाला. गडद निळा, जाड कापडाचा, दोन्ही बाह्या आणि पुढचा भाग कात्रीने उभा चिरलेला. सिस्टरांचं नशीब की माझं, कात्री भोकाला चार बोटं चुकवून गेली होती. गडद कापडावर रक्त वाळलं की काजळी डोळ्याला दिसत नाही. पंख्याखाली नाही, उन्हात नाही, सावलीत कागदावर पसरून तो वाळवला. दोन भोकांचे भाग एकमेकांना लागू नयेत म्हणून मधे कागद घातला. मग पुडकं, दोरा, लाख, शिक्का, सह्या. गाडी येऊन गेली होती.

दुपारी पीएम पूर्ण केलं. दोन्ही गोळ्या आतच होत्या. त्या चिमट्याने काढायच्या नसतात. नळीने गोळीवर उठवलेल्या बारीक रेघांवर चिमट्याचा एक ओरखडा पडला, तर कुठल्या पिस्तुलातली गोळी ते सांगायला प्रयोगशाळेला जड जातं. बोटांनी काढल्या, कापसात गुंडाळल्या. संध्याकाळी बाहेर पडलो तर एका वाहिनीच्या बाईंनी माईक पुढे केला. "एकाच शब्दात सांगा, खरी की खोटी?" मी मान हलवून गाडीत बसलो. त्यावर दोन्ही बाजूंचे लोक काय बोलले ते मला मेव्हण्याने रात्री वाचून दाखवलं. एकांच्या लेखी मी पोलिसांचा मिंधा, दुसऱ्यांच्या लेखी गुन्हेगारांचा वकील.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला सात महिने गेले. मधल्या काळात, २०२२ च्या मे महिन्यात, हैदराबाद प्रकरणातल्या न्या. सिरपूरकर आयोगाचा अहवाल खुला झाला. पोलिसांनी जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या आणि मेलेल्या चौघांतले तिघे अल्पवयीन होते, असा त्याचा निष्कर्ष. पाकळ्या उधळणाऱ्यांपैकी कुणी तो वाचला का, कोण जाणे.

आमचा अहवाल दीड पानी. छातीच्या भोकाभोवती शिसं, बेरियम, अँटिमनी आणि न जळलेल्या दारूचे कण भरपूर. त्याच पिस्तुलातून तशाच कापडावर वेगवेगळ्या अंतरांवरून गोळ्या झाडून बघितल्या होत्या. अंदाज, एक ते दीड फूट. म्हणजे फौजदार खरं सांगत होता. शर्ट त्या गाडीतून गेला असता, तर माझ्या हातून त्याच्यावर खोटा ठपका बसला असता. सकाळी डोक्यात शिरलेली ती हवा आठवली की आजही लाज वाटते.

पाठीच्या भोकाभोवती मात्र काही नव्हतं. एकही कण नाही. ती गोळी झटापटीत जवळून लागलेली नव्हती. चार फुटांवरून की चाळीस, ते शर्ट सांगत नाही. पाठीत गोळी म्हणजे तो पळतच होता असंही नाही. गोळीच्या आवाजाने, धक्क्याने माणूस गर्रकन वळतो, आणि एवढ्यात दुसरा चाप ओढला गेलेला असतो. पण फिर्यादीत लिहिलं होतं, दोन्ही गोळ्या झटापटीत, जवळून.

दंडाधिकाऱ्यांची चौकशी प्रांतसाहेबांकडे होती. त्यांच्या दालनात माझी साक्ष तासभर चालली. त्यांनी नेमकं विचारलं, "कुठली आधी?" मी म्हटलं, "शवविच्छेदनावरून सांगता येत नाही." "पाठीतली आधी लांबून लागली, मग तो उलटून अंगावर आला, असं होऊ शकतं?" "शरीर तसंही होऊ देईल." पोलिसांतर्फे आलेल्या अधिकाऱ्याने ते वाक्य वहीत टिपून घेतलं. सही करून मी बाहेर आलो.

व्हरांड्यातल्या बाकावर तो फौजदार बसला होता. जेमतेम तिशीचा. सिव्हिल ड्रेसमध्ये, उजव्या हाताने डावा दंड चोळत. मला बघून उठला.

"सर, पाठीतल्याबद्दल काय सांगितलंत?"

"लिहिलंय तेच."

तो मान डोलावत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "समोरची आठवते मला. त्याचा हात माझ्या गळ्यावर होता. त्याच्यानंतरचं काही आठवतच नाही, सर. आवाज आठवतो फक्त, दुसऱ्या वेळचा. घरी बायकोलाही हेच सांगितलंय."

"हे आत सांगितलंत?"

"आत लिहून दिलंय ते वकिलांनी करून दिलेलं आहे."

तो परत बसला. मी जिन्यापर्यंत गेलो. समोरची आधी. दोन डॉक्टर, सोळा पिशव्या आणि सात महिने खर्ची घालून आम्हाला जे सांगता आलं नव्हतं, ते त्याने विचारलं नसताना सांगून टाकलं होतं. झटापटीतली गोळी पहिली असेल, तर पाठीतली गोळी लागेपर्यंत दोघांमधे अंतर पडलं होतं. हे त्याच्या लक्षात आलं होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही. वाईट माणूस वाटत नव्हता तो. आणि त्या आजींचे हात मीही पाहिलेले होते.

जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून मी थांबलो. मग परत फिरलो, त्याच्या समोरूनच दालनाकडे गेलो. त्याने वर बघितलं. शिपायाने दार लोटलं.

"साहेब," मी म्हटलं, "माझ्या जबाबात एक गोष्ट वाढवायची आहे."

प्रांतसाहेबांनी टायपिस्टला परत बसायला सांगितलं.