जॅकेट घालायचं की नाही, हे ठरवताना

मोटरसायकल घेतली तेव्हा हेल्मेटबद्दल प्रश्नच नव्हता. हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा ६९ टक्क्यांनी घटतो, असा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. घोडं अडलं ते बाकीच्या सामानावर. जॅकेट, ग्लोव्हज, बूट, पँट. हे सगळं चढवायचं ठरवलं तर भाजी आणायलाही तासभर आधी तयारीला लागावं लागेल, असं वाटायचं. आणि चालवणाऱ्यांत ज्याला विचारावं तो म्हणे, "तू सावकाशच चालवतेस ना? मग कशाला?"

म्हणून सावकाश चालवण्याचाच हिशेब मांडला. ताशी ४५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. या वेगात पडलेलं माणूस डांबरावरून घसरत थांबायला अंदाजे दोन सेकंद आणि बारा मीटर लागतात. बारा मीटर मी अंगणात पावलांनी मोजून पाहिले. साधी जीन्स तेवढं अंतर टिकत नाही, मग कुर्त्याचं तर बोलायलाच नको.

पण जॅकेट म्हणजे कवच, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अपघातग्रस्त चालकांचे कपडे तपासले होते. संरक्षक कपडे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हायची वेळ कमी आली, खरचटणं आणि जखमाही कमी. मात्र सुमारे ३० टक्के जॅकेटं अपघातात फाटून निकामी झाली होती. हा आकडा वाचल्यावर घालायचं की नाही यापेक्षा कोणतं घालायचं, याचीच काळजी जास्त वाटू लागली.

मग लेबलं वाचायला शिकले. युरोपच्या ईएन १७०९२ मानकात कपड्यांच्या ट्रिपल ए, डबल ए, ए अशा उतरत्या श्रेणी असतात. त्यातली शेवटची 'सी' म्हणजे आघात झेलणारे पॅड नुसते धरून ठेवणारी जाळी, घासण्यापासून ती वाचवत नाही. कोपर-खांद्याच्या पॅडचं मानक ईएन १६२१. त्यात ५० जूल (ऊर्जेचं माप) इतका आघात केल्यावर लेव्हल १ च्या पॅडमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (हे जोराचं माप) जोर पलीकडे पोचलेला चालतो, लेव्हल २ मध्ये २० पर्यंतच. पाठीच्या जागी मात्र बऱ्याच जॅकेटांत नुसता स्पंज भरलेला असतो. खिशाची चेन उघडून तो बाहेर काढून बघावा, विक्रेता नाक मुरडतो, मुरडू दे.

जॅकेट घालून पाहताना आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. हँडल धरल्यासारखे हात पुढे केले, तेव्हा माझ्या मापाच्या म्हटलेल्या जॅकेटांतही कोपराचं पॅड दंडाकडे सरकत होतं. पुरुषांची जॅकेटं नुसती लहान करून बायकांची म्हणून विकतात की काय, असा मला दाट संशय आहे. शेवटी जे पॅड हाताने फिरवूनही जागचं हललं नाही, ते घेतलं.

उन्हाचा मुद्दा मी हसण्यावारी नेला नाही. घामाने जीव हैराण झाला की लक्ष उडतं, आणि तोही धोकाच. म्हणून जाळीचं जॅकेट घेतलं, ए श्रेणीचं. जाड कापडाइतकं ते टिकणार नाही हे माहीत असूनही घेतलं, कारण डबल ए घेऊन ते खुंटीला टांगून ठेवण्यात अर्थ नव्हता. ग्लोव्हजबाबत तडजोड केली नाही. पडताना हात आपोआप पुढे जातो, त्यामुळे तळव्याच्या मुळाशी रस्त्यावर घसरणारं कडक पॅड असलेलेच घेतले. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, नाड्या आत खोचून.

संरक्षक पँटवर मात्र मी हार मानली. लांबच्या रस्त्यालाच घालते, जवळ जाताना गुडघ्याचे गार्ड तेवढे बांधते. हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज यांचा रोज विचार करत बसायचं नाही, किल्लीबरोबर ते उचलायचेच, असं ठरवून टाकलंय.

मागे बसणाऱ्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दुसरं हेल्मेट मी ठेवते. पण "येतेस का?" असं मैत्रिणीला विचारते तेव्हा ती सलवार-चपलांत असते आणि माझ्या अंगात जॅकेट. अशा वेळी मी हळू चालवते खरी, पण बारा मीटर तिलाही लागू आहेत.