नाळेकडे झुकलेलं नाव

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे आम्हा पेंटर लोकांची सगळ्यात मोठी धांदल. १ जूनपासूनची मासेमारीबंदी उठायला आलेली असते, हर्णैच्या होड्या आंजर्ल्याच्या खाडीत विसावलेल्या असतात आणि प्रत्येक नाखव्याला नाव त्याच आठवड्यात रंगवून हवं असतं. त्यात पाऊस. चार तास उघडीप मिळाली की देव पावला म्हणायचं.

त्या दिवशी 'दर्याराणी'चं काम होतं. नाखवा जुन्या ओळखीतले, त्यांच्या आधीच्या होडीवर माझ्या वडिलांचं अक्षर होतं. या वेळी मात्र सगळं ठरवत होता त्यांचा मुलगा. त्यानं मोबाईल पुढे केला. जाड, तिरकी, एकसारख्या जाडीची अक्षरं. "दादा, अस्संच पाहिजे. होडी उभी असली तरी पळतेय असं वाटलं पाहिजे." रेडियमचं स्टिकर स्वस्तात झालं असतं, पण नाखव्यांना रंगच हवा होता.

मागणी मला आवडली. ठळक तिरकं अक्षर लांबून नजरेत भरतं आणि वेग दाखवतं, म्हणून तर ते खेळाच्या सामानावर, गाड्यांवर, सेलच्या पाट्यांवर असतं. पण फोनवरचं अक्षर कुणी काढलेलं नव्हतं, सरळ अक्षर यंत्रानं नुसतं ढकललेलं होतं. रोमन लिपीत तिरक्या अक्षराला मोठा इतिहास आहे. व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतियुस यानं १५०१ मध्ये तिरक्या टायपात अख्खं पुस्तक छापलं. १९५७ साली आलेल्या, फ्रुटिगर या अक्षरकाराच्या युनिव्हर्स या टाइप-कुटुंबात ठळक सरळ अक्षराचा क्रमांक ६५ आणि ठळक तिरक्याचा ६६, म्हणजे तिरकं अक्षर त्यात आधीपासून धरलेलं. देवनागरीला अशी जुनी वहिवाट नाही. आपल्याला ते प्रत्येक वेळी नव्यानं बसवावं लागतं.

अक्षरं दहा इंच उंच धरली. ओळंबा सोडून दहा इंचांना दोन इंच कल दिला, ही माझ्या वडिलांची रीत. शिरोरेषा पाण्याला समांतर धरली तर नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, नाव खाली पडल्यासारखं दिसतं, कारण होडीचा काठ तिकडे चढत जातो. म्हणून दोरी काठाच्या चढणीनं मारली. मग खाका, म्हणजे अक्षरांच्या कडांवर भोकं पाडलेला कागद. नुसतं ढकललं की गोलाई बिघडते. 'द'चं पोट उजव्या खांद्याशी आणि डाव्या बुडाशी फुगतं, उरलेल्या दोन कोपऱ्यांत बारीक होतं. ठळक अक्षरात ते लगेच दिसतं, तिथे हातानं जाडी सारखी करावी लागते. 'र्या'वरचा रफार काण्याच्या डोक्यावर बसतो. कल दिला की तो पुढे सरकतो आणि 'रा'चा वाटायला लागतो. तो मी अर्धा इंच मागे खेचला. 'ण'मधली फट वाढवली, नाहीतर जेटीवरून तिथे नुसता काळा ठिपका दिसला असता.

उजवी बाजू बाराच्या आत झाली. तिथे वाचणाऱ्याच्या उजव्या हाताला नाळ येते, त्यामुळे अक्षरं पुढे झेपावलेली. पोरगा खूश झाला, दहा फोटो काढले त्यानं.

मग डावी बाजू. तोच खाका लावला, पुरचुंडीनं पूड मारली, खडूनं कडा काढल्या. नाखवा काठावर जाळं शिवत बसले होते. त्यांनी मान वर करून बराच वेळ बघितलं.

"पेंटर, ही तर मागं जातेय."

मी चिखलातून मागे गेलो, बघितलं आणि पोटात गोळा आला. डाव्या बाजूला नाव नाळेपासून सुरू होतं. तोच उजवीकडचा कल तिथे होडीच्या मागच्या टोकाकडे झुकतो. पाच उभे दंड, पाचही वाऱ्यानं मागे रेलल्यासारखे. इतक्या होड्या रंगवल्या, पण सरळ अक्षरात. हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. एक बाजू समुद्रावर निघालेली, दुसरी घरी परतणारी.

खाका उलटा करून भागत नाही, अक्षरंच आरशातली होतात. सगळं पुसलं आणि तेवढाच कल डावीकडे देऊन बघितलं. मग 'र'चा पाय आडवा पसरून शेजारच्या काण्यात घुसला. तोच पाय उजव्या बाजूला आवरून उभा झाला होता. डावीकडे झुकलेलं अक्षर आपल्या डोळ्याला पडतंय असंच वाटतं. पोरगा म्हणाला, "सरळच लिहा दादा." पण मला ते पटेना. शेवटी कल निम्मा केला, दहा इंचांना एकच इंच, 'र' आणि 'द' यांचे पाय आखूड करून वर उचलले, रफार या वेळी पुढे ढकलला. वर्तमानपत्रावर तीनदा काढलं तेव्हा कुठे जमलं. दोन बाजूंचे कोन वेगळे आहेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही, कारण दोन्ही बाजू एकदम कुणालाच दिसत नाहीत.

नोंदणी क्रमांक मात्र मी सरळच ठेवला. तो गस्तीच्या बोटीवरून, लाटांत हलताना वाचायचा असतो. पोराला तोही तिरका हवा होता, मी नाही म्हणालो.

साडेचारला सरी आल्या तेव्हा शेवटची वेलांटी ओली होती. चौघांनी ताडपत्री धरली. नाखवा ओहोटीच्या चिखलातून दूर जाऊन उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, "आता निघाली रे!"

ते दोन्ही खाके मी ठेवलेत. एकावर लिहिलंय 'उजवी, दोन इंच', दुसऱ्यावर 'डावी, एक'.