सात घरं फिरलेलं कॉमिक

जून २०२३ मध्ये अंतराळात फिरणाऱ्या मांजरांच्या माझ्या कॉमिकची पहिली अकरा पानं काढली तेव्हा माझ्या यानात मांजरं नव्हतीच. मांजरांचे मुखवटे घातलेली माणसं होती. कॅप्टन खुर्चीत ताठ बसलेली, पंजा लिव्हरवर, कानाला हेडफोन. धाकट्या भावाने पानं चाळली आणि म्हणाला, "ताई, इथे कुत्री काढली असतीस तर काय बिघडलं असतं?" काहीच बिघडलं नसतं. राग आला खरा, पण अकराही पानं रद्दीत गेली.

मग महिनाभर नवीन पान काढलं नाही. आमची मांजर काशी काय करते ते बघत बसले आणि जमेल ते वाचलं. मांजराला अंगठा नाही, म्हणजे लिव्हर, बटणं, शिडी सगळं बाद. पण मांजराच्या गळ्याचं हाड खांद्याला जोडलेलं नसतं, त्यामुळे डोकं शिरलं की बहुधा अंगही शिरतं. म्हणून यानातले दरवाजे झाले डोक्याच्या मापाची गोल भोकं. (काशीने हल्ली वजन वाढवून हा नियम खोटा पाडलाय, ते सोडा.) अमेरिकेच्या हवाई दलाने विमानात काही सेकंदांची भारहीनता तयार करून त्यात मांजरं सोडली होती, त्याची जुनी फिल्म सापडली. एरवी पाठीवर पडलेलं मांजर हवेतल्या हवेत वळून पायांवर उतरतं. फिल्ममधल्या मांजरांना खाली कुठे तेच कळत नाही, ती गरागरा वळत राहतात. बघवत नाही. पण माझ्या यानाची रचना मला तिथेच मिळाली: भिंती, छत, जमीन, सगळीकडे काथ्या ठोकायचा. पायपुसणं असतं ना, तसा. नखं रोवली की मांजर जिथे आहे तिथे टिकतं. बटणांऐवजी ओढायचे खटके, आणि खटक्यांना बांधलेली सुतळी. सुतळी दिसली की मांजर ओढणारच, त्याला प्रशिक्षण द्यावं लागत नाही.

झोपेचा प्रश्न त्याहून अवघड होता. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं. सात जणांच्या चमूत कुठल्याही क्षणी निम्म्याहून जास्त झोपलेले. आधी वाटलं, गोष्टच पुढे सरकायची नाही. शेवटी तेच कथानक केलं: संकट येतं तेव्हा जागं कोण आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

कथानकाचा मोठा धागा मात्र आजीकडून आला. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, हे तिचं नेहमीचं वाक्य. आम्ही भाड्याची घरं बदलायचो तेव्हा ती आईला उद्देशून म्हणायची, टोमणाच होता तो. माझी कॅप्टन एक व्यायला आलेली मनी आहे, तिला पिल्लांसाठी जागा हवी आहे आणि ती सात ग्रह नापसंत करते. यानाचं नाव 'सात घरं'. आई अजून म्हणते की ती कॅप्टन तीच आहे. मी नाही म्हणत नाही.

वाचता वाचता फेलिसेट भेटली, खरोखर अंतराळात गेलेली मांजर. १८ ऑक्टोबर १९६३ रोजी फ्रेंचांनी अल्जीरियातल्या वाळवंटातून व्हेरोनिक रॉकेटने तिला वर पाठवलं. सुमारे १५७ किलोमीटर उंची, पाचेक मिनिटांची भारहीनता, पाव तासाच्या आत पॅराशूटने जिवंत परत. मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेले होते. दोनेक महिन्यांनी मेंदू तपासायला तिला मारलं. तिच्याबरोबर आणखी तेरा मांजरी तयार केल्या होत्या. हे वाचल्यावर दोन दिवस ब्रश उचलवला नाही. तिला गोष्टीत पात्र करायचा मोह झाला, पण तो टाळला. पान १९ वर यानाच्या भिंतीला चौदा ओरखडे आहेत आणि जाता-येता प्रत्येक जण तिथे अंग घासून जातो. कुणी काही बोलत नाही.

२०२३ च्याच डिसेंबरात दुसरी गंमत झाली. नासाच्या सायकी यानाने ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून लेसरने व्हिडिओ पाठवला, आणि त्यात होतं काय, तर लेसरच्या ठिपक्यामागे धावणारा टेटर्स नावाचा बोका! संदेश पोचायला १०१ सेकंद लागले. माझ्या गोष्टीत पृथ्वीवरून उत्तर चुटकीसरशी यायचं, तेही बदलणं आलं. आता कॅप्टन प्रश्न विचारते, पुढचं अख्खं पान निःशब्द आहे, आणि उत्तर येईपर्यंत ती झोपलेली असते.

अक्षरं भरताना मात्र रडू यायचं बाकी होतं. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे दोन ओळी जवळ आणल्या की एकमेकींच्या अंगावर चढतात. 'गुरुत्वाकर्षण' तर संवादाच्या अरुंद फुग्यात बसतच नाही, आणि शब्द मध्येच तोडला तर वाचणारा अडखळतो. सरळ पात्रांची भाषा बदलली. इंजिन सांभाळणारा बोका कोल्हापूरकडचा, तो 'ओढ' म्हणतो, काम भागतं. "इंजिन गुरगुरतंय का?" असं कॅप्टनने विचारलं की तो म्हणतो, "गुरगुरतंय म्हंजे झोपलंय ते, चालू कुठं हाय?" माझा सगळ्यात आवडता फुगा.

छपाईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सोळा पानांचा एक फॉर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेली पानं), असे दोन, म्हणून बत्तीस पानं, मध्ये पिना. मुखपृष्ठाच्या पहिल्या प्रूफमध्ये अंतराळ राखाडी आलं. चूक माझी, नुसती काळी शाई दिली होती. "मोठ्या सॉलिडला, म्हणजे सलग काळ्या भागाला, काळ्याच्या खाली थोडा निळा टाका," प्रेसवाले काका म्हणाले. टाकला. तीनशे प्रती काढल्या.

गेल्या ऑगस्टमध्ये एका शाळेच्या मैदानात टेबल मांडून बसले होते. सातआठ वर्षांची एक मुलगी उभ्याउभ्या अख्खं कॉमिक वाचून गेली. काथ्या, सुतळी, भोकं, सगळं मी तिला उत्साहाने समजावलं, कशाचा कसा विचार केलाय ते. तिने शेवटचं पान मिटलं.

"काकू, पण ही शी कुठे करतात?"

भारहीनतेत. वाळूत. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. घरी येऊन दुसऱ्या भागाचं पहिलं पान आखायला घेतलं.