नव्वदीची आई, अडुसष्टची लेक

मॉरिशसमध्ये नव्वदी ओलांडलेल्या माणसाकडे सरकारी डॉक्टर दर महिन्याला घरी येतो, एक पैसा न घेता. त्या डॉक्टरांपैकी मी एक. सांगलीहून बेल रिव्हच्या मेडिकल कॉलेजात शिकायला आले, लग्न इथेच झालं, आणि मग इथलीच झाले.

त्या दिवशी यादीतलं पाचवं घर कास्कावेलचं होतं. पश्चिमेकडच्या उसाच्या फडांमधलं हे गाव इथल्या मराठी मंडळींचं. पणजे-खापरपणजे कोकणातून मळ्यांवर मजुरीला आलेले. आजींचं वय ९३. खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं अंथरुणावर. घरात सगळे क्रेओल बोलतात, पण विस्मरण वाढत गेलं तसं आजींचं लहानपणचं मराठी वर आलंय. मला बघितलं की विचारतात, "जेवलंस गो?"

मी त्यांना कुशीवर वळवलं. पाठ स्वच्छ. दोन वर्षं पडून असलेल्या माणसाच्या अंगावर एकही व्रण नाही, म्हणजे कुणीतरी दर दोन-तीन तासांनी, मध्यरात्रीसुद्धा, उठून कूस बदलतंय. ते कुणीतरी म्हणजे त्यांची लेक. वय ६८. मी तिला मौसी म्हणते.

पण खोलीत वास होता. जखमेचा वास एकदा ओळखीचा झाला की चुकत नाही. आजींना पुन्हा तपासलं, टाचा बघितल्या, काही नाही. मग लक्ष गेलं मौसीच्या पायांकडे. फेब्रुवारीचा उकाडा, अंगाला ब्लाउज चिकटलेला, आणि पायात लोकरीचे मोजे.

"मौसी, मोजे काढ."

"काही नाही, दोक्तेर. घासलंय जरा."

तीन वेळा सांगावं लागलं. उजव्या पायाची शेवटची दोन बोटं काळी पडली होती, तळव्याला भोक, घोट्यापर्यंत सूज. बोटानं दाबलं तर तिला कळलंसुद्धा नाही. साखर २७ निघाली, म्हणजे आपल्याकडच्या मापात पाचशेच्या जवळ. या देशात पाच प्रौढांमागे साधारण एकाला मधुमेह आहे, त्यामुळे असे पाय मी पाहिलेत. पण दर महिन्याला मी या घरात येत होते. तिच्या हातचा चहा पीत होते. तिचा पाय मी एकदाही पाहिला नव्हता, कारण फाईल आजींची होती.

मौसी हॉस्पिटलात जायला तयारच होईना. "आईला कोण बघेल?" एक मुलगा माँट्रियलला, मुलगी पर्थला. दोघं रोज फोन करतात, मायाळू आहेत. पैसे देऊन ठेवायची बाई, जिला इथे गार्द-मालाद म्हणतात, ती एका दिवसात कुठून मिळणार?

१९६० च्या सुमारास इथे एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. आता दोनसुद्धा होत नाहीत, आणि जी होतात त्यांतली कितीतरी देशाबाहेर जातात. साडेबारा लाखांच्या या देशात जवळपास पाचांतला एक साठीपुढचा आहे. साठीनंतर प्रत्येकाला पेन्शन मिळत आली. २०२५ च्या अर्थसंकल्पात ते वय टप्प्याटप्प्यानं ६५ वर न्यायचं ठरलं, तेव्हा रस्त्यावर निषेध झाला. पैशाचा हिशेब मला समजतो. पण रात्री दोन वाजता कूस बदलायला माणूस लागतं, ते कुठल्याच तरतुदीत मला दिसलं नाही.

शेवटी एकाच अँब्युलन्समधून दोघींना नेलं. लेक शस्त्रक्रियेच्या वॉर्डात, आणि आई, जिला त्या दिवशी दाखल करण्यासारखं काहीही झालेलं नव्हतं, ती बायकांच्या मेडिकल वॉर्डात. खाट अडवली म्हणून तिथल्या सहकाऱ्यानं मला फोनवर सुनावलं. त्याचंही बरोबर होतं, त्याच्या वॉर्डात घरी न्यायला कुणी नाही म्हणून पडून असलेले आणखी तिघे होते.

अकराव्या दिवशी आजींच्या माकडहाडावर लाल चट्टा उठला. नर्सेस धावत होत्या, हयगय कुणी केली नाही. पण एवढ्या खाटांमध्ये दर दोन तासांनी एकीलाच कोण वळवणार? दोन वर्षं एकटी मौसी काय करत होती, ते त्या चट्ट्यानं मला दाखवलं.

मौसीची दोन बोटं गेली, पाय वाचला. वॉकर घेऊन घरी आली आणि पहिल्यांदा आईची पाठ बघितली. बराच वेळ बोलली नाही. मग खोबरेल तेलाची बाटली घेऊन पलंगावर बसली.

आता कास्कावेलला गेले की मी आधी मौसीला मोजे काढायला लावते. फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकाना नाही. आजींचा रक्तदाब लिहून झाला की खाली उरलेल्या जागेत लिहिते : 'लेक, वय ६८. उजवा पाय कोरडा. डाव्या टाचेला नवी भेग.'