पुराचं चित्र पुराच्या वर्षाचं नाही

आमच्या चित्रकार मास्तरांनी ‘पूर, लकडी पूल’ हे पानशेतच्या पुराचं चित्र नेमकं कधी काढलं, हे कोडं सुटलं. निदान अर्धं तरी. मागच्या वेळी कुठे अडकलो होतो ते आठवत असेलच: जलरंगातलं चित्र, कागद हार्डबोर्डवर चिकटवलेला, सही आहे पण साल नाही. घरच्यांच्या मते मात्र प्रश्नच नाही. मास्तरांच्या भाची, म्हणजे आपल्या ताई, ठाम आहेत: “अहो, पूर ओसरला आणि मामा लगेच काढायला बसला. आई सांगायची.” पानशेत फुटल्याची तारीख १२ जुलै १९६१. पुण्यात या तारखेशी वाद कोण घालणार?

नेहमीची हत्यारं इथे निकामी ठरली. अतिनील टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला, म्हणजे त्यात चमक आणणारं रसायन आहे. अशी रसायनं कागदात आली साधारण १९५० पासून, त्यामुळे १९६१ काय आणि १९८१ काय, सगळं बसतं. (टॉर्च घेणार असाल तर ३६५ नॅनोमीटरचा, गाळणी काच असलेलाच घ्या. ३९५ वाल्याचा जांभळा उजेड इतका सांडतो की काहीही चमकल्यासारखं वाटतं.) मागे फ्रेमवाल्याची चिठ्ठी आहे, तिच्यावर नुसतं ‘पुणे २’. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, तेव्हा चिठ्ठी त्याआधीची, असं काहींनी सुचवलं होतं. मला नाही पटत. या शहरात आजही लोक पत्त्यात ‘पुणे ३०’ लिहून मोकळे होतात.

मग तो फुगलेला कोपरा. ओलीने बोर्ड फुगून कागद तिथे सुटलाय आणि आत छापील काहीतरी दिसतंय, हे माहीत होतं. वाफ देऊन सगळा कागद सोडवायचा मोह होत होता, पण जलरंगावर वाफ म्हणजे चित्रावर पाणी सोडणंच. म्हणून पासोड्या विठोबाच्या मागच्या बाजारातून एंडोस्कोप कॅमेरा आणला. सगळीकडे ५.५ मिलिमीटर जाडीचेच मिळतात आणि फट जेमतेम चारची. ३.९ वाला शोधायला बरीच दुकानं पालथी घालावी लागली. एका दुकानदाराने तर “इंजिनात घालायचाय ना, मग जाड काय वाईट?” असं ऐकवलं.

कॅमेरा आत गेला आणि पडदा पांढराफटक! त्याचेच दिवे इतक्या जवळून डोळे दिपवतात. दिवे बंद करून बाहेरून फटीत आडवा उजेड सोडला, तेव्हा अक्षरं उमटली, पण इतकी तिरकी की वाचता येईनात. फोटो संगणकावर ताणून सरळ केले. वरच्या ओळीत शेजारी शेजारी लाल ८ आणि लाल १५, आणि १५ खाली ‘स्वातं’.

कॅलेंडर! मास्तरांनी महिना संपलेल्या पानाच्या कोऱ्या पाठीवर पूर रंगवलाय. १५ तारीख सुट्टीमुळेही लाल असते, त्यामुळे तिच्या एकटीवर विसंबता येत नाही. पण ८ सुद्धा लाल, म्हणजे वरची ओळ रविवारची. ऑगस्टची १५ तारीख रविवारी आली ती १९५४, १९६५, १९७१, १९७६ आणि १९८२ मध्ये. १९६१ मध्ये तो मंगळवार होता.

या पाचांतून एक निवडायला आणखी आत जाणं भाग होतं. पहिल्या उभ्या रकान्यात, ६ तारखेजवळ, पौर्णिमेचा गोल आणि ‘नार’ एवढंच सापडलं. नारळी पौर्णिमा शुक्रवारी, ६ ऑगस्टला. शके १८९३ चं पंचांग मिळवून ताडून पाहिलं: १९७१. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहणही होतं, त्यामुळे पौर्णिमेबद्दल शंकाच नको. १९६५ मध्ये ती १२ तारखेला होती, १९७६ मध्ये ९ ला. तिथी आणि वार एकत्र सापडले की कार्बन चाचणीसुद्धा नको.

पान ऑगस्टअखेर फाडलं असणार, म्हणून चित्र सप्टेंबर १९७१ च्या आधीचं नाही. पूर ओसरून दहा वर्षं झाल्यावरचं! ताईंना फोन केला तर त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “मग आधीचं दुसरं असेल कुठेतरी.” शक्य आहे. दहा वर्षांनी काढलेल्या चित्रात पुलाचे तपशील इतके नेमके कसे, हेही त्यातून सुटेल.

मात्र ही फक्त खालची मर्यादा. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझांनी मासिकांच्या छापील पानांवरची शाई रसायनाने विरघळवून जी चित्रं केली, तिथेही पानावरचा अंक इतकंच सांगतो: याआधीचं नाही. पान किती वर्षं माळ्यावर पडून होतं ते पान सांगत नाही.

छोटी खूशखबर: मास्तरांचंच पर्वतीचं एक चिमुकलं, साल नसलेलं रेखाटन पावतीच्या पाठीवर आहे आणि रक्कम ‘न. पै.’ मध्ये छापलीय. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून, आणि त्यातलं ‘नवे’ गेलं जून १९६४ मध्ये. छापलेल्या पावत्या नंतरही वापरल्या जातात, तरी तेव्हाच्या आसपासचं म्हणायला हरकत नाही.

पुढे पावती पुस्तकांच्या मागे लागणार होतो, पण हे लिहिता लिहिता बेत बदलतोय. कॅलेंडरची पानं बारा. मास्तरांनी एकच वापरलं असेल? वर पत्र्याची पट्टी असते, तिच्या दाबाची रेघ कागदावर राहते. साल नसलेल्या सगळ्या जलरंगांची वरची कड आडव्या उजेडात तपासायची आणि रुंदी मोजायची. सप्टेंबर किंवा ऑक्टोबरचं पान निघालं तर वरची मर्यादा नाही, पण एक गट तरी हाती येईल. आणि रविवारी जुना बाजार: १९७१ चं जाहिरातीचं कॅलेंडर, मागची बाजू कोरी, रविवारची ओळ सर्वांत वर. कुणाच्या माळ्यावर असलं तर आधी मोजमाप कळवा, विकत घ्यायचं मग बघू.